संकल्प आणि तजवीज

आश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपार कलता कलता, सोलापूरहून तुळजापूरकडे येणारा रस्ता माणसांनी भरू लागतो. सुमारे ४५ किलोमीटरचे ते अंतर; त्यात शेवटी बालाघाटाच्या कडेचा चढ; बहुतेकांच्या पायांत काही नाही; आणि चालणाऱ्यांमध्ये यंत्रमागावर दिवस काढणारे कामगार, विड्या वळणाऱ्या बाया, पेठेतले दुकानदार, महाविद्यालयातली मुले, साठी उलटलेल्या आज्या, इतकेच काय पण वर्षभर रक्तदाबाची गोळी घेणारे आणि जिना चढताना दम लागतो अशी तक्रार करणारे सद्गृहस्थही असतात. तामलवाडीच्या पुढे रात्री कोणी चहाची किटली घेऊन उभा असतो, कोणी केळी वाटतो, कोणी अनोळखी माणसाच्या पोटऱ्यांना तेल चोळून देतो, आणि उजाडेपर्यंत ही सगळी मंडळी आईच्या दारात पोहोचलेली असतात. कर्नाटकातून येणारे तर याहून कितीतरी लांबून, मुक्काम करीत करीत आलेले असतात. हे दृश्य ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला आपल्या मुलखातल्या लोकांना चालता येत नाही, त्यांच्या अंगी निश्चय नाही, किंवा शरीराला कष्ट देण्याची त्यांची तयारी नाही, असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

तथापि याच माणसांपैकी एखाद्याला दिवाळीनंतर डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालावयास सांगितले, म्हणजे तो अर्धा तास त्याला वर्षभर सापडत नाही. एका रात्रीत ४५ किलोमीटर तुडवणारे पाय घरापासून शाळेच्या मैदानापर्यंत जाण्यास कां-कू करतात. पहिले चार दिवस उत्साहाने जातात, पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी अंग कसकसते, आणि आठवड्याअखेरीस बुटांची नवी जोडी दाराआड जाऊन बसते. मग आप्तेष्ट त्याला आळशी म्हणतात, डॉक्टर त्याला बेफिकीर म्हणतात, आणि दुःखाची गोष्ट अशी की तो स्वतःही स्वतःविषयी तसेच मत करून घेतो. आरोग्याचे संकल्प मोडले की दोषाचे सगळे खापर माणसाच्या मनोबलावर फोडण्याची जी चाल आपल्याकडे पडून गेली आहे, ती मला अन्यायाची वाटते, आणि या लेखात मला तिच्याविरुद्ध कैफियत मांडावयाची आहे.

पौर्णिमेच्या त्या चालण्याकडेच जरा बारकाईने पाहावे. त्याची तिथी पंचांगाने ठरवून दिलेली असते, ती कोणाला नव्याने ठरवावी लागत नाही. वाट कैक पिढ्यांनी मळलेली असते. सोबत गल्लीतलीच असते, आणि एखादा मागे राहिला तर त्याच्या नावाने हाक येते. त्या दिवशी दुकान लवकर बंद केले तर गिऱ्हाईक रागावत नाही, घरातला स्वयंपाक त्याच बेताने होतो, आणि ‘कशाला चालता?’ असे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणजे भक्ती तर त्या माणसाची स्वतःची खरीच, पण तिच्या पाठीशी समाजाने शेकडो वर्षांत उभी केलेली एक प्रचंड तजवीज असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या अर्ध्या तासाच्या पाठीशी यातले काहीएक नसते. तो कोणत्या वेळी काढावा, कोणत्या रस्त्याने जावे, बरोबर कोण येणार, तेवढ्या वेळात म्हशीचे दूध कोणी काढावे, या प्रश्नांची उत्तरे त्या माणसाने रोज पहाटे, अंथरुणात पडल्या पडल्या, एकट्याने शोधावयाची असतात. आणि रोज नव्याने घ्यावा लागणारा निर्णय फार दिवस टिकत नाही, मग तो घेणारा कितीही निग्रही असो.

हे मी केवळ समजुतीने लिहितो असे नाही. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या किंवा शैक्षणिक सत्राच्या प्रारंभी व्यायामशाळेकडे वळणाऱ्यांची संख्या वाढते. नव्या पानावर नवे अक्षर काढण्याची ऊर्मी मनुष्यस्वभावातच आहे; तिकडे १ जानेवारी असेल, आपल्याकडे पाडवा किंवा दसरा असेल. तेव्हा प्रारंभाची वाण कोठेच नाही. वाण आहे ती विसाव्या आणि चाळिसाव्या दिवसाची.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीचा एक फार बोलका पुरावा रोज पहाटे रस्त्यावर धावत असतो. धाराशिव, कळंब, उमरगा, भूम, कोठेही जा. साडेचार-पाचच्या सुमारास गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुणांची शारीरिक चाचणी. त्यासाठी हरभरे भिजवून खाणे, मोबाइलवर वेळ लावून पळणे, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाला खूण करून ठेवणे, सगळे काही नेमाने चालते. पावसाळ्यात चिखल झाला तर पुलावर जाऊन पळतात, पण खाडा करीत नाहीत. माझ्या ओळखीच्या अशाच एका मुलाने वयाची मर्यादा उलटल्यावर (खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३) धावणे सोडले, आणि दोनच वर्षांत तो ओळखू येईनासा झाला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “आता कुणासाठी पळू, काका? भरतीच राहिली नाही की.” त्याच्या स्वरात कंटाळा नव्हता, हताशपणा होता. आणि ज्यांना भरतीत यश आले, त्यांच्यापैकीही कित्येकांचे धावणे प्रशिक्षण संपताच थांबते. ध्येय फार मोलाचे होते, त्याने वर्षानुवर्षे मुलांना पहाटे उठवले; परंतु त्याला मुदत होती, आणि मुदत संपताच त्याच्या आधाराने उभे राहिलेले सगळे दैनंदिन आचरण एका दिवसात कोसळले. वीस किलो वजन उतरवणे, मुलीच्या लग्नाआधी बारीक होणे, अमुक स्पर्धेत धावणे, ही ध्येयेही याच जातीची. ती चांगली असतात, पण आरोग्याची सगळी भिस्त त्यांच्यावर ठेवता येत नाही.

मग टिकते ते कशाने टिकते? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. खो-खोच्या खेळात धाराशिवचे नाव आज देशभर आहे. सारिका काळे हे नाव ज्याला माहीत नाही असा क्रीडाप्रेमी मराठवाड्यात सापडणे कठीण. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या त्या कर्णधार; २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि खो-खोच्या वाट्याला तो बहुमान दोन दशकांहून अधिक काळानंतर आला. त्या वेळी त्यांनी वृत्तपत्रांना सांगितले होते की खेळण्याच्या कालखंडातली जवळजवळ दहा वर्षे त्यांनी दिवसातून एक वेळच्या जेवणावर काढली. ज्या देहाकडून पाठलाग, झेप आणि वळण यांची पराकाष्ठा मागितली जाते, त्या देहाला एकच वेळ अन्न! हे वाचताना अभिमानाच्या आधी मनाला चटका बसतो, आणि तसा तो बसला पाहिजे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की २०१६ मध्येच घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे त्यांनी खेळ सोडण्याचे ठरवले होते. म्हणजे ज्यांच्या निश्चयाबद्दल कोणी शंका घेऊ शकणार नाही, अशा खेळाडूचाही निश्चय डळमळला. त्या वेळी त्यांचे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी त्यांची समजूत घालून त्यांना पुन्हा मैदानावर आणले. पुढे तुळजापूर येथे क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी लाभली आणि त्यांच्या जीवनाला स्थैर्य आले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात नेपाळला ७८-४० असे हरवणाऱ्या भारतीय महिला संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. एका मध्यम वस्तीच्या, अवर्षणाने गांजलेल्या, २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या जिल्ह्यातून एकामागून एक असे खेळाडू निपजतात, तेव्हा ते केवळ व्यक्तीच्या जिद्दीचे फळ मानणे म्हणजे त्यामागे दशकानुदशके झालेल्या व्यवस्थेच्या परिश्रमाकडे डोळेझाक करणे होय.

खो-खोचा सराव एकदा जवळून पाहावा. दोन खांब, त्यांच्यामधली पट्टी, आणि त्या पट्टीवर आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेल्या आठ मुली. नववी पाठलाग करणारी. तिला मागे वळण्याची मुभा नाही, मधली पट्टी ओलांडण्याची मुभा नाही. दिशा बदलावयाची तर खांबाला वळसा घालावा लागतो, नाहीतर बसलेल्या मुलीला पाठीमागून खो द्यावा लागतो. बसलेली मुलगी विसावलेली दिसते, पण तिची टाच उचललेली असते, बोटे मातीत रुतलेली असतात आणि मान वळलेली असते. ‘खो’ हा शब्द पुरता उमटण्याच्या आत ती उठलेली असते. सरावात ही नुसती उठण्याची क्रिया किती वेळा करून घेतात, ते पाहणाऱ्याच्याच गुडघ्यांना कळ लागावी. गुडघ्यांवर जुन्या खपल्या, तळव्यांना माती, आणि खांबावर झेप घेताना खरचटलेल्या कोपरांकडे कोणाचे लक्षही नाही. या मैदानावर एखादी मुलगी आली नाही तर तिची जागा रिकामी दिसते. आठांच्या ठिकाणी सातच बसलेल्या असतात, आणि संध्याकाळी तिच्या घरी कोणीतरी विचारावयास जाते. ज्या व्यायामात आपली गैरहजेरी दुसऱ्याच्या ध्यानात येते, तो व्यायाम सहसा सुटत नाही, असे मला या मुलींकडे पाहून वाटत आले आहे. चाळिशीच्या गृहस्थाने किंवा गृहिणीने खो-खो खेळावा असे मला सुचवावयाचे नाही. परंतु ही हजेरीची सोय त्यांच्या चालण्यालाही का लाभू नये?

आता एका समजुतीविषयी लिहिणे अवश्य आहे. कारण ती आपल्या धर्मजीवनातून आलेली असल्याने फार खोल रुजलेली आहे. व्रत एकदा खंडित झाले की ते वाया गेले, असे आपल्या मनाने घेतलेले असते. सोमवारचा उपास चुकला म्हणजे उद्यापनापर्यंतचे सगळे पुण्य गेले, या भावनेने माणूस हळहळतो, आणि हीच भावना तो नकळत व्यायामाला लावतो. तीन दिवस चालणे झाले नाही, तेव्हा आता पुढच्या पाडव्यापासून नव्याने. वस्तुतः आपल्या परंपरेत अशी कठोरता नाही. सुतक असेल, आजार असेल, प्रवास असेल, तर घरातला दुसरा कोणी तो नेम चालवतो, दिवा तेवत ठेवतो, आणि मूळ व्रतस्थ सवड होताच पुन्हा आपल्या जागी येऊन बसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांवर केलेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. खाण्यापिण्याची वा हालचालीची एखादी नवी गोष्ट विनासायास अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखा खंड पडला नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होणाऱ्या प्रत्येकाला ही माहिती दिली पाहिजे. आपल्या वाट्याला १८ दिवस येणार की २५४, हे आधी कोणालाच कळत नाही.

आकड्यांचेही असेच झाले आहे. मनगटावरच्या यंत्राने १०,००० पावले मागितली आणि आपली ६,००० झाली, म्हणून रात्री खंत करीत झोपणारी माणसे मी पाहिली आहेत. हा १०,००० चा आकडा कोणत्याही वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो जगभर पसरला. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे लाभ वाढत गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल पुरेशी मानली आहे. परक्याच्या मापाने स्वतःला मोजून हिरमुसण्यापेक्षा आपल्या वयाला, कामाला आणि प्रकृतीला झेपेल ते माप आपण ठरवावे. आपल्या आयुर्वेदाने तर व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. सुश्रुतात आणि वाग्भटात हा उपदेश स्पष्ट आहे. पहिल्याच दिवशी सगळी शक्ती खर्चून दुसऱ्या दिवशी अंथरूण धरणाऱ्या उत्साही मंडळींनी तो ध्यानात घ्यावा.

विश्रांतीच्या बाबतीत तर तुळजापूरच्या देवस्थानाची रीत मला अतिशय अर्थपूर्ण वाटते. महिषासुराशी युद्ध करून श्रमलेल्या देवीला दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजवतात, आणि या काळाला श्रमनिद्रा म्हणतात. वर्षातून तीन वेळा, निरनिराळ्या निमित्तांनी, मूर्ती सिंहासनावरून हलवून देवीला अशी निद्रा दिली जाते. साक्षात जगदंबेलाही श्रमानंतर विसावा लागतो असे ज्या लोकांनी मानले, त्यांनी आपल्या देहाला आठवड्यातून एक-दोन दिवसांची उसंत देताना संकोच करण्याचे कारण नाही. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत चालण्याची वेळ सूर्योदयापूर्वी आणावी किंवा मर्यादा कमी करावी, यात माघार नसून शहाणपण आहे.

एका वर्गाविषयी मात्र मला वेगळे लिहिले पाहिजे, आणि ते लिहिताना मनाला क्लेश होतात. गावातल्या एका तपासणी शिबिरात रोजंदारीवर जाणाऱ्या एका बाईला ‘चालत जा, व्यायाम करा’ असे सांगितले जात असताना मी तेथे होतो. सोयाबीन काढणीचे दिवस होते. सकाळी आठपासून वाकून विळा चालवलेला, वाळलेल्या शेंगांची टोके रुतून तळहात सालपटलेले, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. ती खाली मान घालून म्हणाली, “डॉक्टर, दिसभर रानातच असते की मी. आनिक कुठं चालू?” तिला कोणी उत्तर दिले नाही. या बाईच्या आरोग्याचे ध्येय अर्धा तास चालणे हे असूच शकत नाही. तिचे ध्येय दोन वेळचे पोटभर आणि सकस जेवण, लोहाच्या गोळ्या, रात्रीची सलग झोप, आणि कंबर सरळ करण्याइतकी दुपारची विश्रांती, हे असले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. निम्म्याहून अधिक! घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची जी रूढी आहे, ती जोपर्यंत चालू आहे, तोपर्यंत या बायांना आरोग्याचे ध्येय ठरवा असे सांगणे हे त्यांच्यावर आणखी एक ओझे लादणे आहे. त्यांच्या बाबतीत संकल्प करावयाचा तो घरातल्या पुरुषांनी: ताटे एकाच वेळी वाढली जातील, आणि भाकरीबरोबरची डाळ, भाजी, शेंगदाणे तिच्याही ताटात तितकेच असतील.

खाण्याविषयी बाकी फार लिहावयास नको. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभरा, करडईचे तेल, मेथी-शेपूची भाजी हे आपल्या मुलखाचे अन्न उत्तमच आहे. ते टाकून महागड्या भुकट्यांच्या मागे लागण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. मात्र दिवसातून सहा वेळा होणारा गोड चहा आणि प्रत्येक आनंदाच्या प्रसंगी येणारे भूमच्या खव्याचे पेढे, यांचा जमाखर्च ज्याचा त्याने प्रामाणिकपणे पाहावा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ही संख्या आता केवळ शहरांची राहिलेली नाही.

व्यायामाला राज्याच्या व्यवस्थेत स्थान देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांतून रूढ केले, आणि स्वतः ते उतारवयापर्यंत रोज घातले; १९५१ साली, वयाची ८० वर्षे उलटल्यावर, ते निवर्तले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि तेथून महाराष्ट्रभर व्यायामशिक्षक गेले. त्या पिढीने व्यायाम हा माणसाचा खाजगी मामला मानला नाही. त्यांनी प्रथम मैदान, शिक्षक आणि वेळ यांची सोय केली, आणि मग माणसाकडून नियमाची अपेक्षा केली. आज आपण नेमका उलटा क्रम लावला आहे. गावोगाव खुल्या व्यायामशाळेची रंगीत लोखंडी उपकरणे बसवली जातात. वर्षभरात त्यांची मूठ निखळते, पायटा गंजतो, आणि भोवती गवत माजते, कारण तेथे येणाऱ्यांना एकत्र करणारा, नव्याला शिकवणारा आणि न आलेल्याची चौकशी करणारा माणूस त्या खर्चात धरलेलाच नसतो. दुसरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान शाळा सुटताच कुलूपबंद होते, आणि चालणारी माणसे महामार्गाच्या कडेने, अंधारात, भरधाव मालमोटारींच्या शेजारून जीव मुठीत धरून चालतात. बायका तर तेथेही जाऊ शकत नाहीत. दिवेलागणीनंतर गावाबाहेर एकट्या बाईने चालणे अजून आपल्याकडे सुरक्षितही नाही आणि लोकांच्या नजरेत सभ्यही मानले जात नाही. मग तिच्या मनोबलाची परीक्षा कोणत्या तोंडाने घ्यावयाची?

यावर खर्चिक उपाय मी सुचवीत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी पूर्वीच दाखवून दिले आहे की ‘मी व्यायाम करीन’ एवढे म्हणणाऱ्यापेक्षा केव्हा, कोठे आणि कसा करीन हे ठरवून ठेवणारा माणूस आपले वचन पुष्कळ अधिक पाळतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, विद्यार्थ्यांवर केलेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, नुसती व्यायामाची नोंद ठेवणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांनी ठरलेल्या आठवड्यात व्यायाम केला. व्यायामाचे फायदे समजावून सांगितलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनीच केला. आणि दिवस, वेळ व जागा लिहून देणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी केला. उपदेशाने काहीच साधले नाही, लेखी ठरवण्याने साधले, हे या प्रयोगाचे सार आपल्या आरोग्यखात्याने अवश्य विचारात घ्यावे. तीस वर्षांवरील माणसांच्या रक्तदाबाची आणि साखरेची तपासणी आज उपकेंद्रांत होते, आशाताई घरोघर जाऊन नोंदी करतात. त्याच वेळी ‘चालत जा’ असे मोघम सांगून माणसाला वाटेला लावण्याऐवजी, त्याच्या कागदावर वेळ, जागा आणि बरोबर येणाऱ्या शेजाऱ्याचे नाव अशा तीन गोष्टी त्याच्याच तोंडून वदवून लिहून घ्याव्यात, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गाठ पडेल तेव्हा वजनाआधी त्या तीन गोष्टींची चौकशी करावी.

आणि मैदानाचा प्रश्न ग्रामसभेच्या कक्षेतला आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. आपल्या जिल्ह्यात २६ जानेवारीचा मुहूर्त सगळ्यांत सोयीचा. सोयाबीन घरात आलेले असते, ज्वारी हुरड्यात असते, पहाट गार असते. त्या दिवशी प्रत्येक गावाने एक साधा ठराव मंजूर करून घ्यावा: शाळेचे मैदान रोज पहाटे पाच ते सात आणि सायंकाळी सहा ते आठ खुले राहील, सायंकाळचा वेळ स्त्रियांसाठी राखीव असेल, मैदानावर दोन दिवे लावले जातील आणि त्यांचे वीजबिल पंचायत भरील, किल्ली गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे किंवा भरतीची वयोमर्यादा ओलांडलेल्या तरुणाकडे राहील, त्याला त्याबद्दल मानधन मिळेल, आणि हजेरीची वही त्याच्याकडे असेल. ज्या गावाने हा ठराव केला, त्याने पुढच्या १ मेच्या सभेत ती वही सर्वांसमोर वाचून दाखवावी.